जुना रिसीव्हर आणि हिर्डोशीची परीक्षा

दिवाळीच्या आधी घराची आवराआवर निघाली, की माळ्यावरून हमखास एक जड खोका खाली उतरवला जातो. दोघांनी धरावा लागतो, इतका जड. आत जुन्या चादरीत गुंडाळलेले एक यंत्र निघते. समोर चांदीसारखी चकाकणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, काचेमागे आकड्यांची लांबलचक रांग, बोटांना गार लागणारी भरीव बटणे आणि दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. काकांनी आखाती देशातून किंवा सिंगापूरहून आणलेला तो स्टिरिओ असतो. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका, निदान तांब्याचे पैसे तरी येतील. दुसरा म्हणतो, लावून तर बघू. आणि लावून बघण्याच्या त्या पहिल्या मिनिटातच कित्येक जुनी यंत्रे कायमची गप्प होतात.

अलीकडे यात तिसऱ्या पक्षाची भर पडली आहे. ज्यांच्या माळ्यावर असा खोका नाही, अशी तरुण मंडळी तो मुद्दाम विकत घेऊ लागली आहेत. मोबाईलवर हवे ते गाणे क्षणात मिळत असताना पन्नास वर्षांपूर्वीचा रिसीव्हर कशाला, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडतो. त्याचे उत्तर रिसीव्हर ऐकल्यावर मिळते. पण तो ऐकण्याच्या अवस्थेत येईपर्यंत बऱ्याच गोष्टी पाहाव्या लागतात आणि त्या दुकानदार सांगत नाही. हा लेख माळ्यावरचे यंत्र उतरवणाऱ्यांसाठी आहे, तसाच नवे ‘जुने’ यंत्र घेऊ पाहणाऱ्यांसाठीही आहे.

एका पेटीत तीन यंत्रे

रिसीव्हर म्हणजे नुसता रेडिओ नव्हे. रेडिओ केंद्र पकडणारा ट्यूनर, आलेल्या क्षीण संकेतावर संस्कार करणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, अशी तीन यंत्रे एका पेटीत बसवली की रिसीव्हर होतो. स्पीकर वेगळे असतात, तबकड्या वाजवणारा रेकॉर्ड प्लेअर वेगळा असतो. सगळ्यांचे येऊन मिळण्याचे ठिकाण म्हणजे रिसीव्हर.

अमेरिकेत १ जून १९६१ पासून एफ.एम. केंद्रांना स्टिरिओ प्रक्षेपण करण्याची मुभा मिळाली आणि या पेटीला महत्त्व आले. पुढच्या वीस वर्षांत मॅरॅण्ट्झ, पायोनियर, सॅनसुई, केनवुड, यामाहा अशा नावांनी जगभरच्या दिवाणखान्यांत जागा पटकावली. मॅरॅण्ट्झ ही मूळची अमेरिकी कंपनी, पण तिचेही बरेचसे रिसीव्हर जपानमध्येच तयार होत. सत्तरच्या दशकात तर कोणाचा वॅट मोठा, याची शर्यत लागली. प्रत्येक कंपनी वाटेल ते आकडे छापू लागली, तेव्हा १९७४ साली अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाला नियम करावा लागला, की वॅट मोजण्याची पद्धत सगळ्यांनी एकच ठेवावी आणि ती उघड सांगावी. त्यानंतरचे आकडे म्हणूनच अधिक विश्वासाचे. १९७८ मध्ये आलेल्या पायोनियरच्या एस.एक्स. १९८० या रिसीव्हरची ताकद प्रत्येक बाजूला २७० वॅट होती आणि वजन सुमारे ३५ किलो. घरात गाणी ऐकण्यासाठी हे यंत्र म्हणजे अंगणातला केर काढायला बुलडोझर.

आपल्याकडे त्या काळात परदेशी यंत्रांवर जबर आयात कर होता. त्यामुळे परदेशी नोकरी करणारा नातेवाईक, जहाजावरचा शेजारी नाहीतर मुंबईचा चोरबाजार, एवढेच मार्ग सामान्य माणसाला मोकळे होते. देशी कंपन्याही मागे नव्हत्या. मुंबईच्या कॉस्मिकचे अ‍ॅम्प्लिफायर मध्यमवर्गीय घरांत दिसत, १९७० साली कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाइनला जाणकारांत मान होता, आणि फिलिप्स, मर्फी, बुश ही नावे तर आधीपासून घरातल्या माणसांसारखी झालेली होती. रेडिओ घरात ठेवायचा तर टपाल कचेरीत वर्षाचे परवाना शुल्क भरावे लागे. ते पुस्तक आणि त्यावरची तिकिटे अजून काही घरांच्या ट्रंकेत सापडतात.

यातली गंमत अशी, की सत्तरच्या दशकात हौसेने आणलेल्या या रिसीव्हरांवर एफ.एम.चा पट्टा होता, पण तो पकडणार काय? भारतात एफ.एम. प्रक्षेपणाची सुरुवात २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला झाली आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत ते पोचायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. खासगी केंद्रे तर २००१ नंतरची. म्हणजे त्या देखण्या काचेमागचा अर्धा पट्टा कित्येक वर्षे नुसता खरखरत राहिला. लोक मध्यमलहरींवर आकाशवाणी ऐकत, लघुलहरी असतील तर त्यांवर रेडिओ सिलोन, आणि उरलेल्या वेळी तबकड्या आणि कॅसेटी.

परीक्षेचे केंद्र : हिर्डोशी

जुने यंत्र निवडण्यासाठी एक साधी युक्ती आहे. ते यंत्र मनाने हिर्डोशीला नेऊन ठेवावे.

हिर्डोशी हे भोर तालुक्यातले गाव. भोरहून वरंध घाटाकडे आणि पुढे महाडला उतरणाऱ्या रस्त्यावर, नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या बाजूने गेले, की ते लागते. हा सारा हिरडस मावळाचा मुलूख, बाजीप्रभूंच्या नावाने महाराष्ट्राला माहीत असलेला. चारी बाजूंना सह्याद्रीचे डोंगर. पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारे आभाळ. घाटात दरड आली की बंद पडणारा रस्ता. आणि यंत्र बिघडले तर दुरुस्तीसाठी आधी भोर आणि तिथे जमले नाही तर पुणे.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुठलाही रिसीव्हर चार दिवस वाजतो. खरी परीक्षा अशा खोऱ्यातल्या घरात होते. तिथे वीज, लहरी, हवा आणि कारागीर हे चार परीक्षक एकाच वेळी समोर बसलेले असतात. हिर्डोशीला टिकेल असे यंत्र निवडले तर ते सदाशिव पेठेत टिकेलच. उलट मात्र खात्री देता येत नाही.

पहिला परीक्षक : वीज

रिसीव्हर उचलून आधी त्याची पाठ पाहावी. तिथे एक छोटी पट्टी किंवा छापील ओळ असते. तिच्यावर १२० व्होल्ट लिहिले असेल तर यंत्र अमेरिकेसाठी बनवलेले आहे, १०० व्होल्ट असेल तर जपानच्या घरगुती बाजारासाठी. आपली वीज २३० व्होल्टची. असे यंत्र सरळ भिंतीच्या प्लगात खुपसले, तर त्याला सोसेल त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दाब त्याच्या पोटात जातो. नशीब असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जुन्या रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे त्याचे काळीज. तसाच दुसरा मिळणे फार कठीण.

निर्यातीसाठी केलेल्या पुष्कळ यंत्रांवर व्होल्टेज बदलण्याची सोय असे. ती मागच्या बाजूला, कधी एका छोट्या झाकणाखाली असते. असे यंत्र मिळाले तर डोळे मिटून त्याला पहिली पसंती द्यावी, मात्र घरी आणल्यावर ते २२० किंवा २४० वर आहे ना, हे डोळे उघडून पाहावे. सोय नसेल तर विजेचा दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. त्याची क्षमता यंत्रावर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट-दुप्पट असावी. पट्टीवर नुसते ‘६० हर्ट्झ’ लिहिले असेल तर आणखी सावध व्हावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने असा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. ‘५०/६०’ लिहिलेले बरे.

खेड्यात याच्या जोडीला विजेचा चढउतार असतो. संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागले की दाब पडतो, मध्यरात्री चढतो. वीज गेली की रिसीव्हरचे बटण बंद करायची सवय घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना लावावी, कारण परत येणारी वीज पहिल्या झटक्याला फार जोरात येते. चांगला स्टॅबिलायझर हा खर्च वाटला तरी विमा समजून करावा.

आणि वर्षानुवर्षे बंद असलेले यंत्र प्रथम चालू करायचे असेल, तर गावातल्या कुठल्याही जुन्या रेडिओ मेकॅनिकला ठाऊक असलेली ‘सिरीज बल्ब’ची रीत वापरावी. तारेचा जुन्या पद्धतीचा साठ किंवा शंभर वॅटचा बल्ब यंत्राच्या वाटेत जोडतात. यंत्र ठीक असेल तर बल्ब क्षणभर पेटून मंद होतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटलेलाच राहतो, पण सारा ताण स्वतःवर घेऊन यंत्र वाचवतो. इथे एल.ई.डी.चा बल्ब उपयोगाचा नाही. आणि हे काम हौशी माणसाने नव्हे, विजेची माहिती असलेल्यानेच करायचे.

स्टिरिओच्या आधीचा, व्हॉल्व्हचा रेडिओ माळ्यावर सापडला तर सावधगिरी आणखी वाढवावी. त्या काळी काही शहरांत डी.सी. वीजही असे, म्हणून दोन्हींवर चालणारे, ट्रान्सफॉर्मर नसलेले रेडिओ निघत. त्यांचा लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेला सरळ जोडलेला असतो. लाकडी पेटी आणि बटणे शाबूत आहेत तोवर धोका झाकलेला असतो. एखादे बटण निघालेले असेल आणि नातवाचे बोट उघड्या दांडीला लागले, तर विजेचा जीवघेणा धक्का बसू शकतो. असा रेडिओ शोभेला ठेवावा, प्लगात घालू नये.

दुसरा परीक्षक : लहरी

एफ.एम.च्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. म्हणूनच मनोरे उंच जागी उभारतात. पुण्याच्या दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर आहे तो त्यासाठीच. मनोरा आणि तुमचे घर यांच्या मध्ये डोंगराची भिंत आली, की खोऱ्यात सावली पडते. मध्यमलहरींचे तसे नाही. त्या जमिनीला धरून, डोंगर वळसा घालून दूरवर जातात. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि पुढे त्याच्या ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीने दऱ्याखोऱ्यांतली घरे जोडली, ती या गुणामुळे.

म्हणून खोऱ्यात राहणाऱ्याने रिसीव्हर घेताना दोन बटणे शोधावीत. एक मध्यमलहरींचे, आणि दुसरे ‘मोनो’ असे लिहिलेले. दुबळे एफ.एम. केंद्र स्टिरिओत ऐकले तर गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. मोनोचे बटण दाबले की डाव्या-उजव्याचा भेद जातो, पण खरखर एकदम ओसरते आणि आवाज स्वच्छ होतो. हे बटण सगळ्यात दुर्लक्षित, आणि डोंगराळ भागात सगळ्यात उपयोगी. त्याच्या जोडीला मागच्या बाजूला टी आकाराची तारेची एरियल लावावी. तिच्या दोन हातांची मिळून लांबी साधारण दीड मीटर ठेवावी आणि खोलीत फिरवून कुठे बरे येते ते पाहावे. घराच्या छपरावर उंच एरियल लावली तर फरक आणखी पडतो. मात्र वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की एरियलची तार आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे. सह्याद्रीतली वीज पाहुणी म्हणून येत नाही.

आता जपानी यंत्रांची एक खोच. जपानमध्ये एफ.एम.चा पट्टा पूर्वी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच होता, आपला ८८ ते १०८. म्हणजे जपानच्या घरगुती बाजारासाठी केलेला रिसीव्हर कितीही देखणा असला, तरी आपली बहुतेक केंद्रे त्याच्या काचेवर येतच नाहीत. घेण्याआधी काचेवरचे आकडे वाचले की फसवणूक टळते. अमेरिकी यंत्राचा पट्टा आपल्याशी जुळतो, पण तिथे दुसरी अडचण. काटा फिरवून केंद्र लावायचे जुने मॉडेल असेल तर चिंता नाही. आकडे दाखवणारे नंतरचे मॉडेल असेल, तर ते मध्यमलहरींवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या उड्या मारते, आणि आपल्याकडची केंद्रे नऊ-नऊच्या अंतराने वसवलेली. ७९२ हवे असेल तर ते ७९० वर थांबेल नाहीतर ८०० वर. काही यंत्रांत नऊ आणि दहा यांची निवड करण्याची कळ असते, ती पाहून घ्यावी. शिवाय एफ.एम.चा चढा सूर आवरण्याचे अमेरिकी माप आपल्यापेक्षा वेगळे असल्याने अमेरिकी यंत्रावर आपली केंद्रे किंचित दबलेली वाटतात. त्यावर ट्रेबलचे बटण थोडे पुढे करणे एवढाच उपाय पुरतो.

तिसरा परीक्षक : हवा

हिरडस मावळातल्या पावसाळ्यात मिठाचे पाणी होते, पापडाला बुरशी येते आणि कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो. त्याच हवेत रिसीव्हरमधल्या शेकडो धातूच्या टोकांनी चार महिने काढायचे असतात. बटण फिरवताना येणारी खरखर, एका बाजूचा आवाज मध्येच जाणे, स्टिरिओचा दिवा लुकलुकणे, ही बहुतेक दुखणी मोठी नसतात. संपर्काच्या जागी चढलेल्या पुटाची असतात. मेकॅनिककडे मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर बटणाच्या आत मारून ते वीस-पंचवीस वेळा फिरवले की अर्धी खरखर तिथेच संपते. काही घरांत यावर खोबरेल तेल किंवा रॉकेल घालण्याचा घरगुती उपाय करतात. तो करू नये. तेलावर धूळ बसते आणि वर्षभरात बटण कायमचे रुसते.

दमटपणावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे यंत्र वापरणे. पावसाळ्यात रोज तासभर वाजणारा रिसीव्हर आतल्या उबेने स्वतःला कोरडा ठेवतो. शोकेसमध्ये बंद ठेवलेला गंजतो. त्यावर कापडी अभ्रा घालून वाजवू नये, त्याच्या डोक्यावर फुलदाणी किंवा देवाचा फोटो ठेवू नये. वरच्या झरोक्यांतून त्याला श्वास घ्यायचा असतो. त्याच झरोक्यांतून पाली आणि झुरळे आत जातात, म्हणून जमिनीवर न ठेवता तो उंच फळीवर ठेवावा आणि भिंतीपासून चार बोटे पुढे.

स्पीकरचेही पाहावे. जुन्या स्पीकरच्या कागदी कोनाभोवती फोमची कड असेल, तर ती आपल्या हवेत काही वर्षांत भुसा होऊन गळते. कापडाची किंवा रबराची कड असलेले जास्त टिकतात. फोम गेला तरी स्पीकर टाकून देऊ नये, नवी कड बसवता येते.

चौथा परीक्षक : कारागीर

चौथा परीक्षक सगळ्यांत कडक, आणि दिवसेंदिवस दुर्मिळ होत चाललेला. जुन्या रिसीव्हरच्या आतले विजेचा साठा करणारे कंडेन्सर कालांतराने वाळतात. मग स्पीकरमधून भुंग्यासारखा एकसुरी गुणगुणाट येतो. कंडेन्सर पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. ते बसवणारा शांत हाताचा माणूस मात्र सहज मिळत नाही. हल्लीची दुरुस्ती म्हणजे आख्खा बोर्ड काढून नवा टाकणे. बोर्डावरचा एकच दोषी भाग शोधून, जुना डाख हळुवार काढून नवा देणे ही वेगळी विद्या आहे, आणि ती येणारे बहुतेक कारागीर आता साठीच्या पुढे गेले आहेत.

म्हणून रिसीव्हर घेण्याआधी कारागीर शोधावा, नंतर नव्हे. त्यालाच विचारावे, कोणते यंत्र तू उघडशील? बहुधा तो सुटे ट्रान्झिस्टर असलेले मॉडेल सुचवेल. सत्तरच्या दशकातल्या रिसीव्हरांत असे वेगवेगळे ट्रान्झिस्टर असतात आणि एखादा गेला तर त्याच गुणांचा दुसरा बसवता येतो. पुढच्या काळात खर्च कमी करण्यासाठी पुष्कळ कंपन्यांनी संपूर्ण अ‍ॅम्प्लिफायर एकाच काळ्या चौकोनी ठोकळ्यात घातला. मेकॅनिक त्याला एस.टी.के. म्हणतात. तो गेला, की बाजारात मिळणारा त्याच नावाचा नवा ठोकळा अस्सल निघेलच असे नाही. हिर्डोशीहून पुण्याला चार वेळा खेपा घालायच्या नसतील तर ठोकळ्याचे यंत्र टाळलेले बरे.

दुरुस्तीला देताना दोन गोष्टी कारागिराला नम्रपणे सांगाव्यात. सगळे कंडेन्सर सरसकट बदलू नका, आधी वीजपुरवठ्याचे आणि जे मोजून खराब ठरतील ते बदला. आणि काढलेला प्रत्येक भाग एका पिशवीत घालून परत द्या. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट गिऱ्हाईक जाणता आहे असे वाटून तो जास्त जीव लावतो. स्पीकर जोडण्यापूर्वी त्याने मल्टीमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा डी.सी. दाब मोजलेला असावा. तो पन्नास मिलिव्होल्टच्या आत असला म्हणजे चिंता नाही. तिथे काही व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर जोडताच त्यांची कॉइल जळेल.

बाजारात उभे राहून काय पाहावे?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कोणाच्या घरी यंत्र पाहायला गेलात, तर किंमत विचारण्याआधी ते अर्धा तास वाजवायला सांगावे. थंड यंत्र शहाणे वागते, तापल्यावर त्याचे खरे रूप दिसते. अर्ध्या तासाने मागच्या धातूच्या पंख्यांवर, म्हणजे हीट सिंकवर, सावकाश हात ठेवावा. दोन्ही बाजूंची ऊब सारखी असावी. एक बाजू गार आणि दुसरी भाजणारी असेल तर आत काहीतरी बिनसले आहे. दोन्ही स्पीकर सारखे वाजतात का, आवाज अगदी कमी असतानाही दोन्हींत गाणे आहे का, बॅलन्सचे बटण फिरवल्यावर आवाज खरोखर सरकतो का, हे पाहावे. जळका वास आला तर नमस्कार करून निघावे. काचेमागचे दिवे गेलेले असतील तर मात्र घाबरू नये. तो पाच मिनिटांचा आणि थोड्या पैशांचा खर्च असतो, आणि विक्रेत्याशी घासाघीस करायला चांगले निमित्त.

वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरातल्या नेहमीच्या ऐकण्यात बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्ची पडतात. वीस ते चाळीस वॅटचा, नीट दुरुस्त केलेला रिसीव्हर कुठल्याही मराठी घराच्या माजघराला पुरून उरतो. तो राक्षसी मॉडेलांपेक्षा स्वस्त असतो, हलका असतो, कमी तापतो आणि कारागीर त्याला घाबरत नाही.

जुन्या यंत्राला नवे काम देणेही सोपे आहे. मागच्या बाजूला ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या जोड्या असतात. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून निघणारी तार तिथे लावली, की मोबाईलमधले सारे भांडार जुन्या रिसीव्हरमधून वाजू लागते. असे भोक नसलेल्या नव्या मोबाईलसाठी छोटा अडॅप्टर मिळतो. फक्त ती तार ‘फोनो’ लिहिलेल्या जागी लावू नये. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण संकेतासाठी राखलेली असते, तिथे मोबाईल लावला तर आवाज फाटतो.

पाचवा परीक्षक

चार परीक्षकांनी उत्तीर्ण केलेले यंत्र घरी आले, म्हणजे सगळे झाले असे नाही. ते घरात कुठे ठेवायचे, हा प्रश्न उरतो, आणि खरे तर तोच सगळ्यात मोठा. शौकीन मंडळी बहुधा वेगळी खोली करतात, स्पीकरसमोर एकच खुर्ची मांडतात आणि दार लावून घेतात. त्यांच्या शौकाचा आदर आहे. पण आपल्याकडे ध्वनियंत्राचा इतिहास एका खुर्चीचा नाही.

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत, दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावातली माणसे ठरल्या दिवशी एका रेडिओभोवती जमायची, शेतीचा कार्यक्रम ऐकायची, त्यावर बोलायची आणि काय करायचे ते ठरवायची. या ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा अभ्यास पुढे जगभर वाचला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्याची ५६ गीते झाली. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर अख्खी आळी जमायची. हे सारे प्रक्षेपण मोनो होते. एका स्पीकरमधून आलेले, डावे-उजवे नसलेले. आपल्या कानांत आणि मनांत जे मराठी संगीत सगळ्यात खोल गेले आहे, त्यातले बरेचसे स्टिरिओच्या आधीचे आहे.

तेव्हा जुना रिसीव्हर घेतलात तर तो शोकेसमध्ये मांडू नका. माजघरात ठेवा, जिथे आजी भाजी निवडते, जिथे मुले गृहपाठ करतात आणि सुनेला येता-जाता ऐकू येते. हेडफोनने प्रत्येकाला स्वतःचे गाणे दिले, हे खरेच सोयीचे झाले. पण त्यामुळे एकाच घरातली माणसे एकमेकांच्या आवडीनिवडीला पारखी झाली. नातीला आजीचे नाट्यगीत कसे लागते ते ठाऊक नाही आणि आजीला नातीचे गाणे म्हणजे नुसता गोंगाट वाटतो. हवेतून सगळ्यांच्या कानांवर एकच सूर पडला, की आधी भांडण होते, मग हळूहळू सवय होते, आणि एखाद्या दिवशी आजीच सांगते, ते कालचे लाव ग.

यंत्र घेताना वीज, लहरी, हवा आणि कारागीर यांची परीक्षा एकदाच द्यावी लागते. घराची परीक्षा रोज असते. वापरात असलेल्या यंत्राला कारागीर सापडतो, त्याचे सुटे भाग लोक जपून ठेवतात, त्याची बटणे पुसली जातात. वापरात नसलेले यंत्र, कितीही नामांकित असले, तरी पुढच्या दिवाळीला पुन्हा चादरीत गुंडाळून माळ्यावर जाते आणि त्याच्या पुढच्या दिवाळीला भंगारवाल्याच्या हातगाडीवर. हातगाडीवर गेलेले यंत्र तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने फोडले जाते. ते परत कोणी बनवणार नाही.

म्हणून या दिवाळीला खोका खाली उतरला, तर प्लग हातात घेण्याआधी पाठीवरची पट्टी वाचा, मग ओळखीचा कारागीर गाठा. घाई फक्त एकाच बाबतीत करा. ते कारागीर आहेत तोवर त्यांच्याकडे जा, आणि जमले तर घरातल्या एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला त्यांच्या शेजारी बसवून डाख द्यायला शिकू द्या.